सागवानाच्या बदल्यात पत्रे

१

प्लॅस्टिक फाडलं आणि आतून सागवानी दार निघालं, तेव्हा पहिला हसला तो वॉचमन विकास. "आयला, पत्र्याचं सोनं झालं की!" असं तो म्हणाला खरा, पण कामावरच्या इंजिनीयर तेजश्रीचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू जागच्या जागी जिरलं.

कुंभिवलीतल्या जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत ही सगळी मंडळी उभी होती. बाहेर घातक कचरा न्यायला आलेली बंद गाडी. गाडीबरोबरच्या माणसाने पहिलं पुडकं उचलायला हात घातला, थांबला, बोटाने वर टकटक केली आणि म्हणाला, "मॅडम, यात पत्रे नाहीत. लाकूड वाजतंय." मग पुडकं फाडलं. दुसरं फाडलं. तिसरं, चौथं. सगळ्यांत दारं! जुनं, काळंभोर, जड सागवान. आणि सिमेंटचे पत्रे? एकही नाही.

"पुडकी आपल्याच प्लॅस्टिकची आहेत. चिकटपट्टीही आपलीच," तेजश्री म्हणाली. "फक्त आपली लाल चिठ्ठी कुठल्याच पुडक्यावर नाही. काकू, कुणीतरी पत्रे नेले आणि त्यांच्या जागी दारं बांधून ठेवली."

काकू म्हणजे वनिता ठोंबरे, गावच्या पोलीस पाटील. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, जिभेने तिखट बाई. गावात कोंबडी हरवली तरी लोक आधी हिच्याकडे येतात आणि बहुतेक वेळा कोंबडी सापडतेही. तिला कोरडा खोकला आला. तिने पदर तोंडाला लावला, कमरेच्या पिशवीतून लवंग काढून दाढेखाली धरली आणि खोली नीट बघून घेतली.

खोलीला दार नव्हतं. कसं असणार? इमारत उतरवायची म्हणजे आधी दारं-खिडक्याच काढायच्या. कुंपणाच्या फाटकाला मात्र कुलूप होतं आणि त्याची किल्ली विकासच्या गळ्यात.

"अरं, पत्रे नेऊन त्यांच्या जागी साग ठेवणारा चोर कुनी बघितलाय का?" वनिता म्हणाली.

कुणीच बघितला नव्हता.

२

आता हे पत्रे एवढे महत्त्वाचे का, ते सांगायला हवं.

कारखाना बंद पडून वर्षं झाली होती. जागेवर आरोग्य उपकेंद्र होणार म्हणून तो पाडायचं ठरलं. चौक गावचा पोपट म्हणाला, माझा जेसीबी लावा, दोन दिवसांत मैदान करून देतो, राडारोडा ओढ्यात लोटतो. निम्मी ग्रामसभा त्यालाच तयार होती. पण शेजारी शाळा आणि ओढ्याचं पाणी खालच्या वावरांना! तेव्हा वनिता उभी राहिली. पुण्याहून आलेल्या या तेजश्री नावाच्या इंजिनीयर पोरीचं ऐका म्हणाली. तेजश्रीचं काम उलटं होतं. इमारत पाडायची नाही, उतरवायची. जशी बांधली त्याच्या उलट, शेवटचं बांधलेलं आधी काढायचं. विटा साफ करून उपकेंद्राला वापरायच्या. कौलं आणि अर्धी दारं डोंगराखालच्या करवंदवाडीला, तिथल्या अंगणवाडीसाठी. उरलेली अर्धी दारं पंचायतीला. ओढ्यात एक खडा जाणार नाही. बरीच भांडाभांडी होऊन ठराव पास झाला आणि पोपटने त्या दिवसापासून वनिताशी बोलणं टाकलं.

मागच्या शेडवर मात्र जुने सिमेंटचे, म्हणजेच अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे होते. ते पडून असले तर गप असतात. करवत लावली, भोक पाडलं, आपटले, की डोळ्यांना दिसणार नाही असा धागा उडतो आणि छातीत जाऊन बसतो. माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत हिंडतो आणि मग एक दिवस जिना चढताना थांबतो.

हे वनिताला कुणी सांगायला नको होतं. तिचे यजमान, तिच्या भाषेत मालक, मुंबईकडे अशाच पत्र्यांच्या कारखान्यात होते. नोकरी सुटल्यावर गावी आले, चार वर्षं शेती केली आणि पाचव्या वर्षी उशीला टेकून बसल्याशिवाय त्यांना झोप येईना. शेवटचे महिने त्यांच्या छातीतला आवाज ऐकत वनिताने काढले होते. तो आवाज ती विसरू म्हटली तरी विसरत नव्हती.

म्हणून पत्रे काढायला तेजश्रीने बाहेरची शिकलेली टोळी आणली. सोमवारी गावच्या मजुरांना सुट्टी दिली. टोळीने तोंडाला मुसकी बांधली, पाणी मारून पत्रे ओले केले, एकेक अलगद खाली घेतला, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि इंग्रजीत इशारा छापलेली लाल चिठ्ठी चिकटवली. उरलेलं प्लॅस्टिक आणि पट्टी तिथेच खोलीत पडली. न्यायला गाडी आज, शनिवारी.

"कुणी नेले याच्याशी मला काही घेणं नाही, काकू," तेजश्री हात चोळत म्हणाली. "नेलेत ते छपराला. आणि छपराला म्हणजे कापणार, भोकं पाडणार. आत्ता, या मिनिटाला कुणीतरी करवत लावत असेल. त्याला माहीतसुद्धा नसेल."

"कसं म्हाईत असनार? आपनच सांगितलं नाय," वनिता म्हणाली.

खरंच होतं ते. वनिताच्या ओटीवर बसूनच दोघींनी ठरवलं होतं, की गावात बोभाटा नको. लोक घाबरले तर म्हणतील, लावा पोपटचा जेसीबी आणि संपवा एकदाचं. तेजश्रीने मान खाली घातली.

तेवढ्यात विकास घसा खाकरत पुढे आला. "काकी, बोलू का? काल संध्याकाळी पोपटशेठचा टेंपो इथं फाटकाशी उभा होता."

३

चौक गावात हायवेला पोपटचं गॅरेज आहे. वनिता तेजश्रीच्या जीपमधून उतरली तेव्हा पोपट खुर्चीत बसून कलिंगड खात होता. तिला बघून त्याने बी थुंकली.

"या वहिनी. जेसीबी पायजे ना शेवटी? मला ठावं होतं."

"काल फाटकाशी काय करत व्हतास रं?"

"बघत व्हतो. दोन दिवसांचं काम दीड महिना कसं चालतं, ते बघाया टेंपो थांबवला. हसलो आन आलो. गुन्हा हाय का?"

वनिताची नजर गॅरेजच्या मागे गेली. ताडपत्रीखाली काहीतरी रचून ठेवलं होतं. लांबट आणि पत्र्याच्याच मापाचं. कडेला पांढरा कोपरा दिसत होता.

शेजारच्याच टपरीवर पोपटची सून कडेवरच्या बाळाला भरवत होती. वनिता धावतच गेली आणि ताडपत्री ओढली.

नवेकोरे पत्रे होते. लोखंडी, पांढऱ्या रंगाचे. कंपनीचं स्टिकरही निघालेलं नव्हतं.

"भाच्याच्या घराला आनलेत," पोपट उठून उभा राहिला. आता तो हसत नव्हता. "वहिनी, काय हरवलंय? खरं सांगा."

वनिताने क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं. पत्र्यात काय असतं, ते सगळं. पोपट ऐकत राहिला. कलिंगडाची फोड त्याच्या हातातच राहिली.

"आन मी वरून जेसीबी फिरवनार व्हतो? शाळंच्या शेजारी?" तो म्हणाला. मग एकदम चिडला. "तवाच सभेत का नाय सांगितलं? मी काय राक्षस हाय का? आन मला इचारता तर तुमच्या या म्याडमला बी इचारा. गाडीचा खर्च वाचवाया तिनंच पत्रे कुठं गाडले नसतील कशावरून?"

दोघी जीपमध्ये परत बसल्या. तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "तुम्हालाही तसं वाटतं का, काकू?"

"वाटलं आसतं," वनिता म्हणाली. "पन पत्रे गाडनारीनं त्यांच्या जागी दगड-माती बांधली आसती. साग कशाला घालवील ती? गाडी फिरव. मला विकासला एक गोष्ट इचारायची राहिली."

तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली. तेजश्रीने पाण्याची बाटली पुढे केली. "काकू, आमच्या टोळीला मी दर वर्षी पनवेलला छातीच्या डॉक्टरांकडे नेते. तुम्ही एकदा चला म्हणून किती वेळा सांगितलं."

"ॲलर्जी हाय गं. तू आधी गाडी चालव."

४

"खरं बोल विकास. दुपारचा तू कुठं झोपतोस?"

विकासचा चेहरा पडला. "नाय काकी, मी ड्युटीवर..."

"तुझी ड्युटी मी वळखते. सावलीला, गारव्याला, मागच्या खोलीत. बरोबर का?"

"एकदाच," विकास पुटपुटला. "गुरुवारी. लय उकडत व्हतं. त्या पुडक्यांवर आडवा झालो. मॅडम, माफ करा. पन मी काय मोडलं नाय, मस्त झोप लागली. पलंगावानी व्हतं."

"पलंगावानी," वनिता सावकाश म्हणाली आणि तेजश्रीकडे वळली. "पत्रे कसले व्हते गं? सपाट का लाटालाटांचे?"

तेजश्री बघतच राहिली. "लाटांचे. नळीनळीचे."

"मग याच्या पाठीला नळ्या टोचल्या नाय का? हा पोरगा घरच्या गादीवर बी कुरकुरतो. गुरुवारी दुपारी तो दारांवर झोपला व्हता. म्हंजे अदलाबदल गुरुवारच्या आधीच झाली. कालचा पोपट त्यात नाय."

"मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः पुडकी बघितली. लाल चिठ्ठ्या होत्या," तेजश्री म्हणाली. "राहिला बुधवार. बुधवारी मी पनवेलला होते, काम बंद होतं."

"बुधवारी फाटक कुनासाठी उघडलं, विकास?"

"फकस्त वाडीच्या टेंपोसाठी. त्यांचा माल त्यांनी नेला. कौलं आन दारं."

"दारं नेताना तू डोळ्यांनी बघितलीस?"

विकास बिचाऱ्याने किल्ली फिरवली होती आणि परत मोबाईलमध्ये तोंड घातलं होतं.

वनिता तडक पुढच्या पडवीत गेली. पंचायतीच्या वाटणीच्या दारांचा ढीग तिथे होता. सगळ्यांत वरच्या दारावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यावर वीटकामाची लाल धूळ बसली होती. ढिगाला कुणी हात लावलेला नव्हता.

"म्हंजे पुडक्यातली दारं पंचायतीची नव्हंत," ती म्हणाली. "ती वाडीची हायत. वाडीनं आपली दारं हितं ठेवली आन पत्रे नेले. चोर आपलं सागवान ठेवून जात नाय, तेजश्री. जो ठेवून जातो, त्याला वाटतं आपन सौदा केला. वाडीचा म्होरक्या कोन व्हता त्या दिवशी?"

"कमळ्या निरगुडा," विकास म्हणाला.

तेजश्रीने कपाळावर हात मारला. "कमळ्यादादा! त्यांनी मला मागेच विचारलं होतं, कौलं नको, पत्रे द्या म्हणून. मी नुसतं म्हणाले, ते द्यायचे नाहीत. का, ते नाही सांगितलं." मग तिचा हात तसाच कपाळावर राहिला. "काकू, ते पत्रे अंगणवाडीला आहेत. पोरं बसणार त्यांच्याखाली."

वनिताने फोन लावला. करवंदवाडीला रेंज नव्हती.

५

वाडीचा रस्ता शेवटी शेवटी नुसता दगडांचा आहे. जीप आपटत होती. वनिता कडीला धरून बसली होती आणि मनातल्या मनात गावदेवीला म्हणत होती, आई, करवत नको, एवढं कर. पत्रे असू देत, पण अजून कापलेले नकोत. बुधवारपासून आजवर माणूस काय हातावर हात धरून बसणार होता? पावसाळा तोंडावर आलेला. तिला सगळं कळत होतं, तरी ती विनवत होती.

वळणावरच आवाज आला. खर्र, खर्र. थांबून परत खर्र.

"थांबव रं कमळ्या!" जीप थांबायच्या आत वनिता ओरडत उतरली. "हात थांबव!"

कुडाच्या नव्या अंगणवाडीवर अर्धं छप्पर चढलं होतं. अंगणात एक पत्रा दोन दगडांवर आडवा होता, त्यावर गुडघा रोवून कमळ्या करवत चालवत होता. त्याचे केस, भुवया, सदरा, सगळं पिठासारखं पांढरं. दोन पावलांवर त्याची पोर चिमा बसली होती. खाली पडलेल्या भुकटीत ती बोटाने फुलं काढत होती.

वनिताने आधी पोर उचलली आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेऊन ठेवली. मग कुणाला न विचारता हंडा उचलला आणि पत्र्यावर, भुकटीवर ओतला. वाडीतल्या बाया आ वासून बघत राहिल्या. प्यायचं पाणी होतं ते, खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं.

"पाटीलबाई, काय झालं?" कमळ्या भांबावून उभा राहिला. "चोरी म्हनताय का? चोरी नाय केली. बदली केली. आमच्या वाटनीची दारं तुमाला ठेवली. वाळवी नको म्हनून प्लॅस्टिकात बांधून ठेवली."

"पन का रं? कौलं दिली व्हती ना?"

"कौलं!" तो कडवट हसला. "हितं वानरं किती हायत बघा. एका दुपारी सगळी कौलं खाली. मागल्या साली पोराच्या डोक्यात पडलं. म्हनून पत्रे मागितले, तर म्याडम म्हनल्या द्यायचे नाय. मंग सोमवारी कुंपनावरून बघितलं. तुमची मानसं तोंडाला फडकी बांधून, पत्र्याला पानी लावून, तान्ह्या पोरासारखा एकेक पत्रा खाली उतरवत व्हती. वर प्लॅस्टिक, वर लाल चिठ्ठी. आन दारं? ती ढिगात आपटली. मी म्हनलं, खरा माल हाच. आमाला लाकडं देतात आन चांगलं ते शहरात नेतात. आमी आमचं ठेवलं, तुमचं घेतलं. हिशेब झाला का नाय?"

तेजश्रीला रडू फुटलं. दीड महिना तिने या कामात इतकी काळजी घेतली होती आणि ती काळजी बघूनच हा माणूस फसला होता.

वनिता कमळ्यासमोर उभी राहिली. "ऐक. चूक तुझी नाय. ती फडकी पत्र्याला जपायला नव्हती, मानसाला जपायला व्हती. ह्यात ईख हाय. माझे मालक त्यानंच गेले. आमी तुला सांगायला पायजे व्हतं. नाय सांगितलं. आमी शहान्या, आमाला वाटलं तुमी घाबराल."

कमळ्याने हातातली करवत अगदी हळू खाली ठेवली. मग त्याने चिमाकडे बघितलं. पांढऱ्या केसांची ती पोर आपल्या बोटांकडे बघत होती.

"किती गेलं आसंल तिच्या आत?" त्याने विचारलं.

"दोन-तीन दिसांचं काम," वनिता म्हणाली. "आमच्या ह्यांनी वर्षानुवर्षं खाल्लं. दोन-तीन दिसांचं तेवढं नसतं रं." हे बोलताना तिने तेजश्रीकडे बघितलं. तेजश्रीने मान हलवली, पण ठाम नाही.

मग सगळे कामाला लागले. तेजश्रीने जीपमधली मुसकी वाटली. बाया-पोरांना नदीकडे पाठवलं, चिमाला चोळून न्हाऊ घालायला सांगितलं. पत्र्यांवर पाणी मारलं. बंद गाडी वर येणार होती आणि पत्र्यांच्या बदल्यात, हे तेजश्रीने तिथेच कबूल केलं, वाडीला नवे लोखंडी पत्रे मिळणार होते, शिवाय तिची दारंही परत. ग्रामसभेत सगळं सांगायचं, असं वनिताने ठरवलं. पोपटच्या समोर, स्वतःची चूक कबूल करून.

कमळ्याने सदरा काढून कुडावर टाकला. त्याची बायको ठमी पुढे आली, सदरा उचलला आणि झटकायला दोन्ही हात वर केले.

"झटकू नको!" वनिताची किंकाळीच फुटली.

ठमी थिजली. "मंग धून टाकते."

"धुवायचा बी नाय गं. हातच लावू नको. हे कापड गाडीत जाईल, पत्र्याबरोबर. धुनारीच्या अंगात बी जातं ते. झटकताना जातं, आपटताना जातं."

ठमीने सदरा खाली ठेवला. ती वनिताकडे बघत राहिली. आल्यापासून ही बाई पदरात तोंड घालून खोकत होती, ते ठमीने बघितलं होतं.

"बाई," तिने हळूच विचारलं, "तुमच्या मालकांचा सदरा कोन धुवायचं?"

कोण धुणार? रोज संध्याकाळी मुंबईकडच्या खोलीच्या दारात उभं राहून वनिताच तो झटकायची, घरात पीठ पडतं म्हणून. मग मोरीत बसून घासायची. मालक हसायचे, म्हणायचे, माझ्यापेक्षा तूच जास्त पांढरी झालीस. बारा महिने, अशी किती वर्षं. त्यांच्या छातीचा आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला आणि तिच्या स्वतःच्या छातीला ॲलर्जी म्हणत राहिली.

उबळ आली. तिचा हात सवयीने लवंगेच्या पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"तेजश्री," ती म्हणाली, "या तिघांना पनवेलच्या डॉक्टरांकडे कधी नेनार?"

"सोमवारी, काकू."

"मग गाडीत माझी बी जागा ठेव."